मलावीच्या माशांची मारामारी आवरायची कशी? (३ फुटी टँक, ११ मासे, १ दादा)

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी. या विभागात पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

घरी ३ फुटी टँक आहे. लांबी ३, रुंदी सव्वा, उंची दीड, म्हणजे साधारण दीडशे लिटर. चार वर्षं त्यात गप्पी आणि मॉलीचा सात्त्विक संसार होता. गेल्या दिवाळीत मुलाला घेऊन दुकानात गेलो आणि रंग बघून भुललो. दुकानदार म्हणाला, "आफ्रिकन सिच्लिड आहेत साहेब, सगळे एकत्र राहतात." (सिच्लिड हे माशांचं एक मोठं कुळ, एवढं आता कळलंय.) दीड इंचाची ११ पिल्लं उचलली: ४ पिवळी, काळ्या आडव्या पट्ट्यांची (ऑरॅटस म्हणाला), ४ निळी, उभ्या पट्ट्यांची, आणि ३ लिंबासारखी पिवळीधमक (यलो लॅब).

आता आठ महिन्यांनी सगळे तीन इंचांच्या आसपास आहेत आणि घरात रणांगण झालंय. ऑरॅटसपैकी एक काळा पडलाय आणि सगळ्यांना फोडून काढतो. एक ऑरॅटस आणि एक यलो लॅब गेले. दुसऱ्या लॅबची शेपूट अर्धी उरलीय, तो दिवसभर हीटरच्या मागे उभा. निळ्यांपैकी एक रंग बदलून पिवळा झालाय, पण तो तसा शांत, कोपऱ्यातल्या मडक्यात असतो. बायको म्हणते, सकाळी चहा घेताना हे बघवत नाही.

दगड थोडे आहेत, एक मडकं आहे, टॉप फिल्टर आहे. काय करू?

चकली_भाजणी

३ फुटांत ११ जण, एक दादा, बाकीचे कोपऱ्यात. आमच्या सोसायटीची कमिटी पाण्यात सोडलीत का?

पोहे_विथ_शेव

वाचतोय.

पाटीलकाका_डोंबिवली

तळ्यातमळ्यात, आधी दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घाला आणि मग वाचा. मी १९९१ पासून मासे पाळतोय, त्यातली वीस वर्षं मलावीच.

तुमच्याकडे आहेत ते 'म्बुना', आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या खडकांत राहणारे. खडकावरची शेवाळाची साय खरवडून खातात. नराला एक कपार हवी असते. कपार मिळाली की तिच्या भोवतीचा तुकडा त्याच्या बापाचा. त्यात ऑरॅटस हा म्बुनांतलाही मवाली. त्याचं रंगांचं गणित ध्यानात ठेवा: पिल्लं आणि माद्या पिवळ्या, दादा झालेला नर काळा. काळा पडला म्हणजे त्याने गादी घेतली.

आता उपाय.

मार खाणाऱ्याला बाहेर काढू नका, मारणाऱ्याला काढा. सगळे उलटं करतात. बिचारा लॅब वेगळा ठेवला तर दादा उद्या दुसरं गिऱ्हाईक धरतो. दादाला दोन आठवडे बादलीत किंवा दुसऱ्या टाकीत ठेवा (स्पंज फिल्टर लावून, झाकण हवंच, उडी मारतो). तो नसताना दगडांची मांडणी पूर्ण मोडा आणि नवी करा. परत येईल तेव्हा त्याला गल्लीच ओळखू येणार नाही आणि तोच नवा भाडेकरू ठरेल. सोडायचा रात्री, दिवे बंद करून, बाकीच्यांना पोटभर खायला घालून.

दगड थोडे आहेत म्हणता, तिथेच चूक आहे. एका टोकाचा मासा दुसऱ्या टोकाला दिसता कामा नये. महागडे दगड लागत नाहीत. आपला काळा पाषाण उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. जुनी मंगलोरी कौलं, फुटकी मडकी, पीव्हीसीचे एल्बो, सगळं चालतं. फक्त दगड आधी तळाच्या काचेवर (खाली थर्माकोलचा पातळ तुकडा) आणि वाळू नंतर. हे मासे वाळू उपसतात. वाळूवर रचलेला ढीग एका रात्री कोसळला की काच गेली. माझी २००३ मध्ये गेली होती, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी तीन महिने बोलणं टाकलं होतं.

आणि हीटर किती वर आहे? २८ वर असेल तर २५ वर आणा. गरम पाण्यात डोकी जास्त तापतात.

तळ्यातमळ्यात

काका, दंडवत! हीटर २९ वर आहे. गप्पींच्या काळापासून कधी हातच लावला नाही. कौलं गावाहून आणतो.

उजनीकर

काकांशी सहमत. मी शेततळ्याकडेला सिमेंटच्या हौदात मलावी ठेवलेत. आमचं बोअरचं पाणी एवढं जड की चहाच्या पातेल्यात खपली धरते. माणसांना त्रास, पण या माशांना तेच हवं असतं. मलावीचा पीएच ७.८ ते ८.६ च्या घरात. पुण्यामुंबईचं धरणाचं पाणी मऊ असतं, त्यात फिल्टरमध्ये संगमरवराची खडी किंवा शिंपल्यांचा चुरा घालावा. पण पाणी सुधारल्याने भांडण थांबेल असं समजू नका. तब्येत सुधारली तर अजून जोरात भांडतील.

बाकी सिच्लिड म्हणजे काही परग्रहावरचा मासा नाही. आमच्याकडे उजनीत चिलापी (तिलापिया) ढिगाने निघते, ती सिच्लिडच. पाणी उतरलं की काठाच्या गाळात ताटाताटाएवढे खड्डे दिसतात ना, ती नरांची घरं. एकेका खड्ड्यावर एकेक पहारेकरी. मादी अंडी घालून तोंडात उचलते आणि निघून जाते, हा मात्र खड्डा राखत बसतो. सातबारा नावावर झाल्यासारखा.

चकली_भाजणी

सातबारा! हसून हसून पुरेवाट. फेरफार नोंद रात्री दिवे बंद करून करतात का?

मीनाक्षी_झू

प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं भाषण सहन करा.

हे 'रागीट' मासे आहेत असं म्हणण्यापेक्षा हिशेबी मासे आहेत असं म्हणावं. कपार, शेवाळ आणि माद्या, एवढ्यासाठीच भांडतात आणि जो स्पर्धक वाटतो त्याच्याशीच. स्पर्धक ओळखायची मुख्य खूण रंग आणि पट्टे. म्हणून एकाच रंगाच्या दोन जातींचे नर एकत्र ठेवू नयेत. दोघं वेगळ्या जातीचे असले तरी एकमेकांना भाऊबंद समजतात, आणि भाऊबंदकी काय असते हे आपल्याला सांगायला नको.

१९७३ च्या नोबेलचे एक मानकरी कोनराड लोरेंझ यांनी सिच्लिडच्या जोड्यांबद्दल एक निरीक्षण नोंदवलंय. शेजारी दुसरी जोडी असली की नराचा सगळा राग तिकडे निघतो आणि घरात शांतता राहते. शेजारी काढून टाकले की तोच नर स्वतःच्या मादीवर धावून जातो. त्यामुळे काही जण टँकच्या मध्ये काच घालून पलीकडे मुद्दाम एक शत्रू ठेवतात. दोघं काचेवर डोकी आपटतात आणि संसार टिकतो.

अजून एक. टांगानिका सरोवरातल्या एका सिच्लिडवर स्टॅनफर्डमध्ये झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. मासा काचेआडून पाच नरांच्या लढती नुसत्या बघत होता. 'अ'ने 'ब'ला हरवलं, 'ब'ने 'क'ला, 'क'ने 'ड'ला, 'ड'ने 'इ'ला. 'ब' आणि 'ड' समोरासमोर कधी आलेच नाहीत. तरी त्या दोघांमधून निवडायला दिल्यावर बघ्या 'ड'च्या बाजूला गेला, म्हणजे कमजोर कोण हे त्याने ताडलं होतं. तुमच्या टँकमध्ये एक जण मार खातो तेव्हा बाकीचे आठ जण पोरं दंगा बघतात तसे बघत नसतात, नोंद ठेवत असतात.

शंकासुर

मग प्रश्न असा की हे सगळं करायचंच कशाला? सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब, तुमचा टँक ३ फूट. याला मारामारी म्हणत नाहीत, पळायला जागा नसणं म्हणतात. कौलं लावून तुरुंग सजवायचा आणि वर कैदी भांडतात म्हणून तक्रार.

चकली_भाजणी

आले. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

पाटीलकाका_डोंबिवली

शंकासुर, तुम्ही कोंबडीच्या धाग्यावरही हेच लिहिलं होतंत.

मीनाक्षी_झू

काका, थांबा, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सरोवरात हरलेला मासा दोन सेकंदांत हद्दीबाहेर जातो आणि विषय संपतो. टँकमध्ये हद्दीबाहेर जागाच नसते, म्हणून पाठलाग संपत नाही आणि मासा मरतो. पाळू नये असं मी म्हणणार नाही. पण ३ फुटांत ऑरॅटस पाळू नये, एवढं नक्की म्हणेन.

शंकासुर

चला, अर्धा मुद्दा तरी मान्य झाला. इनो परत ठेवतो.

उत्तरेकडचा_वारा

नेदरलँड्समधून. इथे हौशी लोकांत अगदी उलटा सल्ला मिळतो: गर्दी वाढवा. ४ फुटी टँकमध्ये ५ मासे ठेवले तर दादा एकालाच धरून मारतो. वीस-पंचवीस ठेवले तर मार वाटला जातो, कोणाची हद्दच पक्की होत नाही. अट एकच, सगळे लहान असताना एकदम सोडायचे आणि एका नरामागे तीन-चार माद्या. डेमासोनी नावाचा छोटा निळा म्बुना तर डझनाच्या खाली ठेवूच नये म्हणतात.

दुसरा मार्ग म्हणजे फक्त नर ठेवणे. पीकॉक आणि हॅप गटातले (मलावीचेच, पण म्बुना नव्हेत), प्रत्येक वेगळ्या रंगाचा, मादी एकही नाही. भांडायला कारणच नाही. माझ्याकडे तसा साडेसहा फुटी आहे, दोन वर्षं झाली, किरकोळ फुरफुर सोडली तर शांत.

तेव्हा तळ्यातमळ्यात, मासे कमी करू नका, वाढवा!

पाटीलकाका_डोंबिवली

हा सल्ला तुमच्याकडे ठीक, इथे धोक्याचा. गर्दीचा टँक म्हणजे मोठा फिल्टर आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदल. आणि वीज? २०११ च्या मे महिन्यात आमच्याकडे सहा तास लाइट नव्हते. ४ फुटीत २६ मासे होते. रात्री दोनला उठून मी आणि मुलगा तांब्याने पाणी उचलून ओतत बसलो, वरून धार पडली की हवा मिसळते म्हणून. सकाळपर्यंत नऊ गेले. मोठे आधी जातात, त्यांना प्राणवायू जास्त लागतो. गंमत म्हणजे दादाच पहिला गेला.

उत्तरेकडचा_वारा

काका, चुकलोच. वीज जाते हे आता लक्षातच राहत नाही. गर्दी करायची तर बॅटरीवरचा एअर पंप हवाच. आणि ३ फुटांत हे करू नका, मी ४ च्या पुढचं बोलत होतो.

मांडवीकाठ

तुमचा आफ्रिका-नेदरलँड्स चालू द्या, पण आपल्या घरच्या सिच्लिडला कोणी विचारत नाही याचं वाईट वाटतं. आमचा कालुंदर! केरळात त्यालाच करिमीन म्हणतात, २०१० पासून त्यांचा राज्यमासा. भारतातले अस्सल देशी सिच्लिड तीनच: कालुंदर, त्याचा धाकटा नारिंगी भाऊ आणि कर्नाटकातल्या नद्यांतला कॅनरा.

माझ्याकडे ५ फुटीत चार कालुंदर आणि सहा नारिंगी होते, किंचित मिठाच्या पाण्यात. भांडण? जोडी जमेपर्यंत थोडं. मग आईबाप दोघं मिळून अंडी राखतात आणि त्या काळात काचेला बोट लावलंत तरी धावून येतात. नारिंगीची पिल्लं तर आईबापाच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात. आणि नारिंगी मासे कालुंदराच्या अंगावरचे परजीवी वेचतात, हेही मी पाहिलंय. मोठा गडी मुकाट तिरपा होऊन उभा राहतो, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखा.

चकली_भाजणी

"होते" का लिहिलंय? रवा लावून का?

मांडवीकाठ

पाळलेला नाही हो खाल्ला. मित्राला दिले. बाजारातला मात्र खातो, रेशाद मसाला लावून.

तळ्यातमळ्यात

अपडेट देतो.

काकांनी सांगितलं तसं काळ्या ऑरॅटसला बाहेर काढलं. दगड, कौलं, दोन मडकी, सगळं नव्याने रचलं. हीटर २५ वर. तीन दिवस स्वर्ग! शेपूटतुटका लॅब हीटरमागून बाहेर आला, खायला लागला. बायकोने स्वतःहून चहा टँकसमोर घेतला.

चौथ्या दिवशी मडक्यातला तो शांत पिवळा बाहेर आला. आणि काय सांगू, ऑरॅटस परवडला. ऑरॅटस पाठलाग करून सोडून द्यायचा, हा सोडतच नाही. काल एका निळीला मारलं. लॅब परत हीटरमागे. आता काय, यालाही काढू? मग उरलेल्यांतून तिसरा उठेल?

पोहे_विथ_शेव

इतके दिवस नुसता वाचत होतो. काका आणि ताई, रागावू नका, पण धाग्याच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य आपण सगळ्यांनी ओलांडलंय. "निळ्यांपैकी एक रंग बदलून पिवळा झालाय, पण तो तसा शांत."

उभ्या पट्ट्यांचा निळा मासा पिवळा होतो म्हणजे ते केनयी. पिल्लं सगळी निळी, मादी निळीच राहते, नर मोठा होताना पिवळा होतो. ऑरॅटसच्या बरोबर उलटं. आणि तो शांत नव्हता. मडकं आणि भोवतालचा कोपरा त्याचा होता, तिथे ऑरॅटससुद्धा जात नसणार. दोन दादांनी टँक वाटून घेतला होता. आपण एकाला काढलं आणि वर सगळी हद्द मोडून दिली. आता अख्खा टँक त्याचा.

त्यात यलो लॅब पण पिवळे. ताईंनी रंगाचं सांगितलंच आहे. लॅब स्वभावाने गरीब, पण केनयीला तो नर स्पर्धकच दिसतो.

पाटीलकाका_डोंबिवली

शाब्बास! आणि चूक माझी. 'निळी' वाचून मी पुढे गेलो. रंगांचं गणित मीच शिकवत होतो आणि पुढच्याच ओळीतलं उदाहरण सोडवलं नाही. केनयी ३ फुटांत कधीच ठेवू नये, तो ऑरॅटसचा बाप आहे.

मीनाक्षी_झू

मीही सोडलं. विद्यार्थ्यांना सांगू नका.

तळ्यातमळ्यात

म्हणजे आठ महिने मी भलत्याच माणसाला, सॉरी, माशाला दोष देत होतो. आता सरळ विचारतो: काय ठेवू, काय काढू? आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं, नको असलेले नदीत सोडून द्या, त्यांचंही कल्याण होईल.

उजनीकर

नदीत अजिबात नको! हात जोडून सांगतो. चिलापी बाहेरचीच, १९५०च्या दशकात देशात आणली, आज निघता निघत नाही. आणि टँकमधली काच साफ करायला लोक तो सकर मासा आणतात ना, तो कुणीतरी असाच 'कल्याण' म्हणून सोडला. आता धरणात जाळं टाकलं की तोच. अंगावर चिलखत, काटे अडकून जाळी फाटतात, आणि बाजारात कोणी विचारत नाही. ऑरॅटस माझ्या हौदात पाठवा, तिन्ही. हौद १२ फुटी आहे, तिथे त्याच्यासारखे चार आहेत, करू दे दादागिरी.

पाटीलकाका_डोंबिवली

केनयी मी घेतो, नर आणि उरलेल्या दोन्ही माद्या. ६ फुटीत त्याला जोडीदार भेटतील. तुम्ही लॅबच ठेवा. दोन आहेत, अजून पाच-सहा लहान आणा, सगळे एकदम सोडा. ३ फुटीला तेवढंच शोभतं. आणि खायला काय देता?

तळ्यातमळ्यात

सकाळी दाणे, संध्याकाळी फ्रोझन ब्लडवर्म. आवडीने खातात.

पाटीलकाका_डोंबिवली

मुलंही जिलबी आवडीने खातात. ब्लडवर्म बंद. शेवाळ खाणाऱ्या म्बुनाला रोज मांसाहार दिला की पोट फुगतं, पांढरी दोरीसारखी विष्ठा पडते, मग मासा खाणं सोडतो आणि जातो. लॅबला अधूनमधून किडे चालतात, पण स्पिरुलिनाचे दाणे आणि उकडलेला पालक यावर भर द्या. तुटक्या शेपटीला औषध नको, स्वच्छ पाणी द्या. हाडापर्यंत तुटली नसेल तर भरून येते.

तळ्यातमळ्यात

जुलै अपडेट. तिन्ही ऑरॅटस एसटीने नाही, मित्राच्या गाडीने, दुहेरी पिशवीत प्राणवायू भरून टेंभुर्णीकडे रवाना झाले. केनयी काका स्वतः येऊन घेऊन गेले (आणि माझी वाळू चाळून गेले). आता ८ लॅब. पाठलाग आहे, पण दोन वितींचा. शेपूट निम्मी परत आलीय, नवीन भाग जरा पारदर्शक दिसतो. हीटरमागे कोणी नाही. काल एक छोटा तिथे गेला होता, नुसता बघून परत आला.

उजनीकर

काळा पोचला त्या दिवशीच आमच्या जुन्या दादाकडून फटके खाऊन आठवडाभर पिवळट पडला होता. आता परत काळा होतोय.

शंकासुर

८ मासे, ३ फूट. मोजून ठेवतोय.

नवा_सभासद_७७

नमस्कार, धागा छान आहे, पूर्ण वाचला नाही. माझ्याकडे दोन फुटी टँक आहे, वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न (डोक्यावर टेंगूळ असलेला सिच्लिड) घेतलाय. एकटा कंटाळतो असं वाटतं. सोबत चार गोल्डफिश सोडले तर चालतील का? दुकानदार म्हणाला, एकत्र राहतात.

पाटीलकाका_डोंबिवली

वरून वाचायला सुरुवात करा. मी तोवर चहा घेऊन येतो.